व्हॅनमधल्या कप्प्यांचे खटके : आठ महिन्यांनंतर

माझं काम एसी-फ्रिज दुरुस्तीचं. राहायला कोल्हापूर, पण निम्मी गिऱ्हाइकं कणकवलीच्या बाजूला, त्यामुळे आठवड्यातून दोनदा फोंडा घाट ठरलेला. फेब्रुवारीत इकोच्या मागच्या भागात १८ मिमी मरीन प्लायचं कपाट करून घेतलं. खाली मागच्या दाराकडे उघडणारे दोन जड ड्रॉवर, सरकत्या दाराच्या बाजूला चार छोटे, वर दोन झाकणं. कपाट झकास आहे. डोकं खाल्लं ते खटक्यांनी.

सुतारमामा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "अवो, खिट्टी मारा की सरळ. गाडीत कशाला मॅग्नेट घालताय?" मला घरच्या किचनसारखं दिसायला हवं होतं. छोट्या ड्रॉवरना मॅग्नेट कॅचर लावले, २५ रुपयांना एक.

दोन आठवडे टिकले. घाटातल्या एका वळणावर नेमका खड्डा आला आणि पितळी फ्लेअर नटांचा अख्खा ड्रॉवर खळ्ळकन बाहेर. पुढचे तीन दिवस सीटखालून नट निघत होते. घरी येऊन ड्रॉवर वजनकाट्यावर ठेवला : साडेसहा किलो. मॅग्नेटवर लिहिलेलं ४ किलो. वळणावर वजनाच्या ४० टक्के जोर बाहेर लागतो असं धरलं तरी अडीच-पावणेतीन किलोच होतात, म्हणजे हिशेबाने सुटायला नको होता. पण खड्ड्याचा झटका त्यात धरलेला नव्हता. शिवाय पत्रा आणि मॅग्नेट यांच्यात नखाएवढी फट राहिली होती, आणि तेवढ्या फटीनेही मॅग्नेटची पकड पार ढिली होते. त्याहून वाईट म्हणजे मॅग्नेट एकदा सुटला की मग अडवायला काहीच उरत नाही. ज्या खटक्याची जीभ खाचेत आडवी बसते, तो एक तर तुटेल नाही तर धरून राहील. गाडीत तोच हवा.

मग दाबायच्या बटणाचे खटके आणले, कॅरॅव्हॅनच्या कपाटांना असतात तसले, १८० रुपयांना एक. बटण आत दाबलं की लॉक, पुन्हा दाबलं की बटण बाहेर येतं आणि तीच मूठ होते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की लांबूनच कळतं : बटण बाहेर दिसलं म्हणजे ड्रॉवर उघडा. गाडी काढण्याआधी एक नजर टाकली की झालं. दोष दोन. आतलं घर प्लास्टिकचं असल्यामुळे हाताखालच्या पोराने लॉक असतानाच हिसडा मारला आणि एकाचा कान तुटला. आणि पावसाळ्यात प्लाय थोडा फुगला, तेव्हा जीभ समोरच्या पट्टीला घासायला लागली. पट्टीची गोल भोकं कानशीने लांबट करून घेतली आणि ती दीड मिमी सरकवली, तेव्हा कुठे सुरळीत झालं. ही लांबट भोकं पट्टीला मुळातच द्यायला काय जातं, देव जाणे.

आवाजाचंही सांगतो, कारण रिकाम्या गाडीत तो सहन होत नाही. जीभ आणि खाच यांच्यात जरा खेळ ठेवावाच लागतो, नाही तर खटका बसत नाही. पण तेवढ्याच खेळात ड्रॉवर खडखडतो. उपाय : जुन्या हवाई चपलेच्या रबराचे तुकडे कापून ड्रॉवरच्या मागे चिकटवले. रबर ड्रॉवरला बाहेर रेटतं, जीभ खाचेला टेकून राहते, खडखड बंद. वरच्या झाकणांना मी इलेक्ट्रिक पॅनेलला असतं ते पाव फेऱ्याचं लॉक बसवलं. त्याची पट्टी फिरताना झाकण गॅस्केटवर आवळते, त्यामुळे धूळही आत जात नाही. मात्र साधा नट महिन्यात ढिला झाला. नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने ढिला न होणारा नट) टाकल्यापासून हात लावलेला नाही.

खालच्या जड ड्रॉवरना आता खटकाच नाही. टेलिस्कोपिक चॅनेल काढून टाकले, ड्रॉवर लाकडी पट्ट्यांवर सरकतो (वर मेणबत्ती घासलीय) आणि बंद झाला की पुढची कड १२ मिमी खाली पडून आडपट्टीमागे अडकते. उघडायचा तर आधी उचलायचा, मग ओढायचा. ब्रेक मारला की तो आतच रेटला जातो. चढावर बाहेर यायला बघतो, पण वजनानेच अडकलेला राहतो. आत नऊ किलो सामान असताना एकदाही सुटलेला नाही. रिकामा असताना मात्र एका स्पीडब्रेकरवर उडून बाहेर आला, म्हणून आता त्यात पाना-पकडीची पिशवी कायमची.

आणि हो, एका झाकणाला शेवटी मामांची खिट्टी लागलीच. मी आधी स्वतः लावली तेव्हा ती वरच्या दिशेला उभी होती, हादऱ्याने फिरून आपोआप उघडायची. मामांनी काढली, झाकणाच्या वर असलेल्या कपाटाच्या पट्टीवर बसवली, भोक एका टोकाशी पाडलं. आता लांब टोक स्वतःच्या वजनाने झाकणावर लोंबतं, हादरा बसला तरी परत जागेवर येतं. खर्च एक स्क्रू.

हे सगळं रोजच्या रस्त्यापुरतं. धडकेचं गणित वेगळं. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०१ या वाहन-सुरक्षेच्या नियमात डॅशबोर्डमधल्या कप्प्यांची झाकणं झटक्याने उघडू नयेत अशी अट आहे, आणि त्यातली एक चाचणी ३० जीची, म्हणजे वजनाच्या तीसपट झटक्याची आहे. त्या हिशेबाने ३०० ग्रॅमचं झाकण तेवढ्या क्षणापुरतं खटक्यावर ९ किलोचा जोर टाकतं. माझ्या कपाटाकडून ही अपेक्षा नाही, म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या वरच्या कप्प्यात फक्त इन्सुलेशन टेप आणि फडकी ठेवतो.

तुटलेल्या कानाचा ड्रॉवर अजून तसाच आहे, सध्या त्याला सुतळी बांधलीय. सुटं घर मिळत नाही म्हणे, अख्खा खटकाच घ्यावा लागेल. मामांना सांगितलं तर ते पुन्हा खिट्टीच मारतील.