जुन्या व्ही-क्रॉसला ४० मिमी लिफ्ट आणि २६५/७० टायर : आठ महिन्यांचा वापर

गाडी २०१७ ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, सस्पेन्शन बदलून ४० मिमी उचललेली (लिफ्ट). समोर थोड्या लांब कॉइल स्प्रिंगा, मागे नवे पाटे (लीफ स्प्रिंग), चारही शॉक नवे, २६५/७० आर १६ चे (रुंदी २६५ मिमी, उंची तिच्या ७० टक्के, रिम १६ इंची) ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्चा दोन्हीकडचे टायर. रिम मूळच्याच. फेब्रुवारी ते सप्टेंबर वापर, म्हणजे नागपूरचा मे आणि उमरेडकडचा पावसाळा दोन्ही त्यात आले.

लिफ्ट केली की मागचं डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) वर जातं, हा समज चुकीचा आहे. वर जाते ती चेसिस. डिफरन्शियल ॲक्सलमध्ये आणि ॲक्सल चाकांवर, त्यामुळे तिथली उंची फक्त टायर वाढवतो. मूळ २४५/७० चा व्यास ७४९ मिमी, २६५/७० चा ७७७. फरकाचा निम्माच भाग खाली मिळतो, अवघे १४ मिमी. लिफ्टचा उपयोग या टायरला मडगार्डखाली जागा मिळावी आणि बांध चढताना बंपर टेकू नये, एवढाच. तेवढ्याला ४० मिमी पुरतात. जास्त उचललं की सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो आणि त्यावरचे रबरी बूट लवकर फाटतात.

स्ट्रटवर (पुढच्या स्प्रिंग-शॉकच्या जोडणीवर) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी चकती, घालणार असाल तर हिशेब नीट करा. स्ट्रट चाक धरणाऱ्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून २० मिमीचा स्पेसर चाकापाशी जवळपास दुप्पट उचलतो. ४० हवेत म्हणून ४० चाच स्पेसर टाकला की गाडी नको तितकी उंच होते. शिवाय मूळ स्प्रिंग जुनी असेल तर ती बसलेलीच राहते. आमचं मत स्पष्ट आहे : जुन्या गाडीला स्पेसर नको, स्प्रिंगच बदला. बंपरगार्डला बंदी आहे, तेव्हा जड बंपरसाठीच्या स्प्रिंगा घेऊ नका, पुढचा भाग दगडासारखा आपटतो.

मागे पाटे निवडताना हौद्यात रोज किती वजन असतं ते बघा, कधीतरी किती भरता ते नव्हे. ३०० किलोच्या कायम बोज्याचे पाटे रिकाम्या गाडीला लावले तर शहरातल्या सिमेंट रस्त्याचा प्रत्येक जोड पाठीला कळतो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच लावा, जुने ताणलेले असतात. ५०० किमीनंतर पुन्हा आवळा. सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकवूनच शेवटचे आवळायचे. गाडी जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ही चूक फार होते.

लिफ्टनंतर कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. त्यामुळे समृद्धीवर गाडी भरकटते आणि स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. नुसतं टो (चाकांची आत-बाहेर दिशा) जुळवून घेऊ नका, कॅस्टरचे आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. स्प्रिंगा बसल्यावर, साधारण १,००० किमीनंतर, अलाइनमेंट पुन्हा करा. हेडलाइटचा झोतही खाली करून घ्या. मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (बोज्यानुसार ब्रेकचा दाब बदलणारा) असेल तर तो नव्या उंचीला जुळवावाच लागतो. नाहीतर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो.

नव्या टायरवर मीटर ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ८३. ओडोमीटरही तेवढाच मागे राहतो, म्हणून ॲव्हरेज काढताना किलोमीटरला १.०३७ ने गुणा. हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. ३५ अंशांच्या फरकाने दाब साधारण ६ पीएसआय बदलतो. मे महिन्यात दुपारी दाब जास्त दिसला म्हणून हवा काढू नका, सकाळी टायर मऊ पडलेला मिळेल. मऊ टायर जास्त तापतो, आणि हायवेवर फुटतो तो तापूनच.

मुरमावर, रेतीत, ओल्या डांबरावर हे टायर उत्तम. काळ्या मातीत नाही. दोन फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मड-टेरेन (खोल खाचांचे, चिखलाचे टायर) तिथे बरे, पण सिमेंट रस्त्यावर त्यांचा आवाज रोज सहन करावा लागतो.

रुंद रिमचा मोह टाळा. ७ ऐवजी ८ इंची आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागाचं अंतर) १३ मिमीने कमी घेतला तर चाक २६ मिमी बाहेर येतं : बेअरिंगवर ताण, दारांवर चिखल, स्टिअरिंग जड. शिवाय गाडीतल्या बदलांबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. असे बदल करण्याआधी आरटीओत विचारा.

स्टेपनीही २६५/७० चीच ठेवा. एका चाकाचा व्यास वेगळा असताना कोरड्या रस्त्यावर ४ एच (चारही चाकांना ताकद) लावली तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) पीळ पडतो.