ताम्पेरे की तुर्कू? दोन्हीकडे राहून झालेल्याचं मत

हेलसिंकीची घरभाडी बघून झाली की फिनलंडला येणाऱ्या आपल्या लोकांची गाडी बऱ्याचदा ताम्पेरे आणि तुर्कूवर येऊन अडते. मी दोन्हीकडे राहिलोय, आधी तुर्कू मग ताम्पेरे, आणि आता इथून हलायचा विचार नाहीये, त्यामुळे माझं पारडं थोडं झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

जुनेपणात तुर्कूचा हात कोणी धरणार नाही. १२२९ पासूनचं गाव, किल्ला तेराव्या शतकातला, कॅथेड्रल १३०० सालचं. राजधानीचा मान १८१२ मध्ये हेलसिंकीने नेला, १८२७ च्या आगीत बहुतेक लाकडी गाव जळालं आणि मग विद्यापीठही तिकडेच गेलं. लुओस्तारिनमाकी नावाच्या टेकडीवरची घरं तेवढी वाचली, त्यांचं आता म्युझियम आहे आणि पाहुणे आले की न्यायला ती आपली हक्काची जागा. जूनमध्ये आउरा नदीच्या काठाने चालत सुटायचं, रात्री दहा वाजता पण लख्ख उजेड, काठाला लागलेल्या बोटींवरच हॉटेलं, आणि पलीकडे जायचं असेल तर फोरी नावाची चिमुकली फेरी आहे, १९०४ पासून चालू, तिकीट नाही. उन्हाळ्यातल्या तुर्कूला नावं ठेवायला खरंच जागा नाही.

ताम्पेरे त्यामानाने कालचं पोर, १७७९ चं. वर न्यासियार्वी, खाली प्युहायार्वी अशी दोन तळी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. दोन तळ्यांच्या पातळीत १८ मीटरचा फरक आहे, त्यामुळे मधून जो ताम्मेरकोस्कीचा प्रवाह धावतो त्याच्या जोरावर गिरण्या उभ्या राहिल्या. फिनलेसन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८२० मध्ये कारखाना काढला, त्याच गिरणीत १८८२ ला विजेचे दिवे लागले. आता त्या लाल विटांच्या इमारतींत ऑफिसं, सिनेमा, खायची ठिकाणं. परळ-लालबागची धुराडी बघितलेल्याला लगेच घरच्यासारखं वाटेल. आणि इथलं कॅथेड्रल (१९०७) चुकवू नका, आत ह्यूगो सिम्बर्ग या चित्रकाराचं एक भित्तिचित्र आहे ज्यात काळे झगे घातलेले सांगाडे मन लावून झाडांची निगा राखतायत, चर्चमध्ये असलं काही बघायची सवयच नसते आपल्याला.

आता मला ज्याने खरं हलवलं ते सांगतो, तुर्कूचा हिवाळा. थंडी नाही हो, थंडी ताम्पेरेलाच जास्त. तुर्कू पडलं समुद्राकाठी, त्यामुळे पारा शून्याच्या आसपासच घोटाळत राहतो, म्हणजे सकाळी बर्फ पडला, दुपारी वितळला, वर पाऊस आला आणि रात्री सगळं गोठलं. त्या राखाडी गिलाव्याला इथे लोस्का म्हणतात. बुटात शिरतो, पँटला गुडघ्यापर्यंत लागतो, आणि दुसऱ्या दिवशी फुटपाथवर त्याचीच काच झालेली असते, टाकलेली खडी पण त्या काचेच्या खाली, काय उपयोग! बायका-मुलं, म्हातारे सगळे पेंग्विनसारखे पाय टाकत चाललेले. फोलीच्या पिवळ्या बस वेळेवर येतात, तक्रार नाही, पण त्या वाऱ्यात स्टॉपवर उभं राहणं आणि गाडी जवळून गेली की उडणारं ते पाणी, त्यानेच मी कंटाळलो. ताम्पेरेत बर्फ पडला की बराचसा बर्फच राहतो, कोरडा, पायाखाली करकर वाजणारा, आणि डिसेंबरच्या अंधारात त्या पांढऱ्यानेच थोडा उजेड वाटतो. मी काही तापमानाची वही ठेवली नाहीये, बुटांवरून बोलतोय.

शिवाय ट्राम. २०२१ ला सुरू झाली, हेर्वांता या उपनगरातल्या टेक कॅम्पसहून थेट मध्यवस्तीत. हेर्वांता दिसायला अगदीच सिमेंटचं आहे, पण भाडं त्यामानाने बरं आणि आपली मंडळी बरीच, दिवाळीला फराळाची चौकशी होते.

नोकरीचं म्हणाल तर ज्याच्या त्याच्या लाइनवर आहे. जहाजबांधणी किंवा फार्मा असेल तर तुर्कूच, आयकॉन ऑफ द सीज हे अवाढव्य क्रूझ जहाज तिथल्याच मायर यार्डात बांधलंय. यंत्रं, सॉफ्टवेअर, टेलिकॉम असेल तर ताम्पेरे, दापोडीमुळे पुणेकरांना माहीत असलेल्या सँडविकचा खाणयंत्रांचा कारखानाही इथेच. स्वीडिश येत असेल किंवा रात्रीच्या जहाजाने स्टॉकहोमला अधूनमधून जायचं असेल तर तुर्कूला एक गुण जास्त द्या, मला दोन्हीचा उपयोग नव्हता.

दोन्ही शहरं बघायला येणार असाल तर शक्यतो नोव्हेंबरात या, जुलैत आलात तर तुर्कूच पसंत पडणार. आणि तिकडेच ठरलं तर खिळेवाले बूट पहिल्या पगाराची वाट न बघता घ्या.