सोरोरिटी हाउसचं नूतनीकरण : सात महिने राहून झाल्यावर

मी इंडियानातल्या एका कॉलेजगावात सोरोरिटीची, म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या संघटनेच्या घराची, हाउस डायरेक्टर आहे. जुन्या अमेरिकन भाषेत हाउस मदर, आपल्या भाषेत हॉस्टेलच्या रेक्टरबाई. घरात 58 मुली राहतात आणि तळमजल्यावर दोन खोल्यांत मी. गेल्या मे ते ऑगस्टमध्ये घराचं मोठं काम झालं. तेव्हा फोटो बघून सगळ्यांनी वाहवा केली. आता मार्च उजाडलाय, तर जे खरंच वापरात आहे त्याबद्दल लिहिते.

आधी कोल्ड डॉर्म सांगायला हवी, नाहीतर बाकीचं कळणार नाही. इकडच्या बऱ्याच जुन्या सोरोरिटी घरांत मुली आपापल्या खोलीत झोपत नाहीत. वरच्या मजल्यावर एका मोठ्या दालनात दुमजली पलंग लावलेले असतात, तिथे सगळ्या झोपतात. दिवसासुद्धा अंधार, भर थंडीतही खिडक्या किलकिल्या, बोलायचं नाही, गजर लावायचा तर फोन उशीखाली ठेवून नुसता थरथरणारा. ऐकून मराठी आईबाबा हबकतात. पण फायदा असा, की खोल्यांत पलंगच नाहीत. चार टेबलं, चार कपाटं आणि गप्पा. कुणी रात्री दोनपर्यंत दिवा जाळला तरी कुणाची झोप मोडत नाही. आर्किटेक्टला हे दालन तोडून खोल्या करायच्या होत्या. माजी मुली अडून बसल्या, आणि बरं झालं. पलंगांना पडदे लागले, आगीसाठी स्प्रिंकलर आले, एवढंच.

पैसा गेला तो तळघरात, अभ्यासिकेवर. त्याला एक कारण आहे. सोरोरिटीच्या घराला थेट दिलेल्या देणगीवर इथे करसवलत मिळत नाही. संघटनेच्या धर्मादाय फाउंडेशनमार्फत, शिक्षणासाठी वापरायच्या जागेला दिली तर मिळते. त्यामुळे आमच्या नकाशात ‘स्टडी’ हा शब्द इतक्या वेळा आला की मी तर मोजणंच सोडलं. मुलींना हवा होता मोठा सोफा, पण सोफ्याला देणगीदार कुठून आणायचा?

अभ्यासिका दिसते झकास. लांब टेबलं, प्रत्येक जागेला प्लग, भिंतीलगत काचेच्या चार छोट्या खोल्या, ऑनलाइन मुलाखती नि तासांसाठी. या खोल्यांतले दिवे हालचालीवर चालतात. आता अभ्यास म्हणजे काय, तर हालचाल न करणं. पहिल्या महिन्यात एक मुलगी ऑर्गॅनिक केमिस्ट्री वाचता वाचता दर पाच मिनिटांनी हात वर करून दिव्याला ओवाळत होती. विजेच्या माणसाला तीनदा फोन केले. शेवटी मीच शिडीवर चढले, सेन्सरचं झाकण काढलं, आतली चकती 5 वरून 30 मिनिटांवर फिरवली. दोन मिनिटांचं काम.

आवाजाचं मात्र अजून जमलेलं नाही. जुना गालिचा उचलला तर खाली नऊ इंची चौकोनी फरशा निघाल्या, ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे धूळ श्वासात गेली तर घातक. 1920च्या दशकातल्या घरात हे निघणार, हे कंत्राटदाराच्या लक्षात यायला हवं होतं. त्या काढण्यात तीन आठवडे गेले आणि आवाज शोषणाऱ्या छताचे पैसेही. ऑगस्टमध्ये रिक्रूटमेंट, म्हणजे नव्या मुली घर बघायला येणार, ती तारीख काही हलत नाही. मग काँक्रीट घासून तसंच चकचकीत सोडलं. त्यावर लोखंडी खुर्ची सरकली की दात शिवशिवतात.

वरचा दिवाणखाना पांढराशुभ्र. रिक्रूटमेंटच्या आठवड्यात शोभतो, एरवी तिथे कुणी फिरकत नाही. घरात दारूला बंदी आहे (बहुतेक सोरोरिटी घरांत असते), त्यामुळे एकत्र जमायचं म्हणजे सिनेमा, गप्पा आणि खाणं. आणि खायला नेलं की पांढऱ्या सोफ्यावर सॉस सांडणारच. मुली शहाण्या, त्या लांबूनच जातात.

खरी जागा निघाली जेवणघर. तिथे ठरवून काहीच केलं नव्हतं, वायरिंग बदलताना खिडकीखाली चार प्लग जास्तीचे निघाले, इतकंच. रात्री नऊनंतर निम्मं घर तिथे. लॅबवरून उशिरा येणारीची लेट प्लेट, म्हणजे झाकून ठेवलेलं ताट, तिथेच असतं. ती जेवते, समोरची स्टॅटिस्टिक्सची गणितं सोडवते, मधेच कुणाचं ब्रेकअप निघतं, पुन्हा गणित. पुण्यात आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये हेच चालायचं, फक्त रेक्टरबाई दिवा घालवायच्या. मी घालवत नाही.

एक तक्रार माजी मुलींचीही. दर वर्षीचा सगळ्यांच्या चेहऱ्यांचा फ्रेम केलेला फोटो, कॉम्पोझिट म्हणतात, पूर्वी दिवाणखान्यात असायचा. आता सगळे फोटो जिन्याच्या भिंतीवर गेलेत. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला, एक ऐंशीच्या पुढच्या आजी काठी टेकत अकरा पायऱ्या चढल्या, स्वतःला शोधलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. वरून धावत येणाऱ्या दोघी थांबल्या. तासभर जिना बंद. आता तिथे लहानसं बाक टाकून घ्यायचं आहे.

घर बघायला आलात तर दिवाणखान्यात रेंगाळू नका. रात्री दहाला जेवणघर दाखवा म्हणावं. आणि अभ्यासिकेत खुर्च्यांच्या पायांना पिवळे टेनिस बॉल दिसतील, त्यांना हसू नका. एकेक चिरून बसवायला माझा अख्खा रविवार गेलाय, अजून सोळा खुर्च्या बाकी आहेत.