अंड्यांची गाडी आणि मागचे पाटे

माझा धंदा अंड्यांचा. पहाटे साडेचारला नागपुरातल्या मानेवाड्याहून रिकामी पिकअप घेऊन निघते, उमरेड रोडने पाचगाव ओलांडते, कुही तालुक्याच्या बाजूला आत वळते आणि पोल्ट्री फार्मवर ऐंशी पेट्या भरते. एका पेटीत सात ट्रे, एका ट्रेमध्ये तीस, म्हणजे पेटीला 210 अंडी. ऐंशी पेट्यांची 16,800 होतात, वजन हजार किलोच्या आसपास. मग सक्करदरा, महाल, इतवारी, गोकुळपेठ असा माल उतरत जातो. कुठे किराणा दुकान, कुठे बेकरी, कुठे सावजी भोजनालय. दुपारी दोनला गाडी पुन्हा रिकामी. गाडी 2017 ची, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग. चालवते मीच.

या गाडीच्या सस्पेन्शनवर, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या भागांवर, दोन वर्षांत माझे 25,500 रुपये गेले. त्यातले 6,800 पाण्यात गेले आणि उरलेल्या 18,700 नी गाडी अशी झाली की फार्मवरचे लोक विचारतात, नवी घेतली का. कोणता पैसा कशाला लागला ते सविस्तर लिहिते, कारण खराब रस्त्यावर रोज पिकअप चालवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि बहुतेक जण पहिली चूक तीच करतात जी मी केली.

आधी रस्ता सांगते. पाचगावच्या आसपास गिट्टीच्या खदानी आहेत, त्यामुळे डंपर सतत चालू. डांबर दबून चाकांच्या दोन नाल्या पडतात आणि कडेला सांडलेली गिट्टी. आतल्या रस्त्यावर शेवटचे तीन किलोमीटर काळ्या मातीवरचे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, म्हणून वरचा रस्ता कितीही चांगला केला तरी दोन वर्षांत लाटा येतात. आणि शहरात सिमेंट रोड. सिमेंट रोड गुळगुळीत दिसतो, पण त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात. मी एकदा टेप लावून मोजलं, साडेचार मीटर. ताशी 40 ने गेलं की सेकंदाला अडीच धक्के, एकाच तालात. शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी शांत करणारे तेलाचे दांडे, मेलेले असतील तर तिसऱ्या-चौथ्या सांध्याला गाडी त्या तालावर झोके घ्यायला लागते. खड्ड्यात एकदा आदळण्यापेक्षा अंड्यांना हा झोका जास्त बाधतो.

माझ्याकडे सस्पेन्शन मोजायचं यंत्र आहे, ते म्हणजे तडकलेली अंडी. रोज माल उतरवताना ती वेगळी काढावीच लागतात, म्हणून मी वहीत आकडा लिहू लागले. सुरुवातीला खेपेला चाळीस-पन्नास निघत. मागच्या चाकाच्या पलीकडे जी रांग येते, तिच्यात सगळ्यात जास्त, कारण एक्सलच्या मागचा भाग झोक्याला सर्वांत जास्त वर-खाली होतो.

गाडी मागून बसल्यासारखी दिसत होती. एका गॅरेजवाल्याने एका मिनिटात निदान केलं, "माल जास्त आहे, पाटे टाकून घ्या." दोन्ही बाजूंना दोन-दोन जास्तीचे पाटे, मजुरीसकट 6,800. गाडी मागून दोन इंच उचलली गेली, भरल्यावरही ताठ उभी राहायची. मला वाटलं झालं काम. पहिल्याच आठवड्यात वहीतला आकडा नव्वदवर गेला.

नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की फार्म ते सक्करदरा, म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीत, तडकणं थोडं कमीच झालं होतं. सगळं नुकसान महालच्या पुढे होत होतं, निम्म्या पेट्या उतरल्यावर. पाटे हजार किलोसाठी कडक झाले होते आणि गाडीत होतं त्याच्या निम्मं. चाक खड्ड्यातून वर आलं की पाटा वाकायलाच तयार नाही, मग अख्खा हौदा उडतो. वरचे ट्रे हवेत जातात आणि खाली आपटतात. पहाटे रिकाम्या गाडीत तर माझी कंबर सांगायची. गॅरेजवाल्याला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, गाडी मालासाठी असते, आरामासाठी नाही. हे उत्तर मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. माझी गाडी दिवसातले निम्मे तास अर्धी नाही तर पूर्ण रिकामी असते. त्या तासांत ती नीट चालायला नको का?

मग एका ट्रान्सपोर्टवाल्या ओळखीच्याने वाडीला पाठवलं. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत एक वयस्क मिस्त्री फक्त पाट्यांचंच काम करतात. त्यांनी गाडी उचलायच्या आधी टायरची हवा पाहिली. मी बाराही महिने, भरली असो की रिकामी, मागे एकच हवा ठेवत होते. दाराच्या आत स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी लिहिलेली होती. सात वर्षं ते स्टिकर माझ्या डोळ्यासमोर होतं. पहाटे कमी ठेवायची आणि फार्मवरच्या पंपावर भरून घ्यायची, एवढ्यानेच जातानाचा कडकपणा बराच उतरला. याला पैसे शून्य.

नंतर ते खाली शिरले आणि मला पण बोलावलं. मागच्या एक्सलपासून एक बारीक दांडी चेसिसवरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या, व्हॉल्व्हला जोडलेली दाखवली. मिस्त्री लोक त्याला एलएसपीव्ही म्हणतात, म्हणजे मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. गाडी मालाने दबली की दांडी हलते आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. गाडी रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाकं घसरू नयेत. मिस्त्री म्हणाले, "ताई, मागून एवढी उचलली तुम्ही गाडी, मंग या व्हॉल्व्हले काय समजन माल भरला आहे म्हणून?" मी गप्पच झाले. भरल्या गाडीला ब्रेक मारला की नाक खाली जायचं आणि थांबायला अंतर जास्त लागायचं, हे मला काही महिन्यांपासून जाणवत होतं. मी ब्रेक पॅडला दोष देत होते. पाटे वाढवणाऱ्या माणसाने या दांडीला हात लावला नव्हता, तिचं नावही काढलं नव्हतं. हे मला 6,800 पेक्षा जास्त लागलं. पाट्यांत काहीही फेरफार करून मागची उंची बदलत असाल, तर एलएसपीव्ही सेट केल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

जास्तीचे पाटे त्यांनी काढून टाकले आणि मग जी गोष्ट केली, ती मी आजवर कुठल्या गॅरेजमध्ये पाहिलेली नाही. पाट्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. तो भरलेल्या गाडीसाठीचा. वरचे पाटे माल पडल्यावर बसत-बसत त्याला टेकले की मग तो कामाला लागतो, रिकाम्या गाडीत त्याने काहीच करायचं नसतं. मिस्त्रींनी खडू पाण्यात कालवून त्या पाट्याच्या दोन्ही टोकांना जाड पांढरा लेप दिला, तो वाळू दिला आणि म्हणाले, रिकामी एक चक्कर मारून या. मी दत्तवाडीपर्यंत जाऊन आले. परत खाली पाहिलं तर दोन्ही टोकांचा खडू साफ पुसलेला आणि लोखंड चकाकत होतं. म्हणजे वरच्या पाट्यांची कमान इतकी बसली होती की रिकाम्या गाडीतही तो जाड पाटा सतत टेकून होता. गाडी बसलेली आणि कडक, दोन्ही एकाच वेळी का वाटत होती, याचं उत्तर त्या पुसलेल्या खडूत होतं. त्यावर आणखी पाटे चढवणं म्हणजे दुखणं पक्कं करणं.

उपाय दोन होते. जुने पाटे ठोकून पुन्हा वाक देऊन घ्यायचे, किंवा वरचे पाटे नवे टाकायचे. पहिला स्वस्त, पण त्यांनी स्वतःच सांगितलं की पाणी देण्यात, म्हणजे तापवलेलं लोखंड विझवून कडक करण्यात, कसर राहिली तर सहा महिन्यांत पुन्हा बसतात. मी दोन्ही बाजूंचे वरचे दोन-दोन पाटे नवे, जमना ऑटोचे घेतले, मजुरीसकट 6,900. जाड पाटा जुनाच ठेवला. पण हे शेवटी केलं. पैसे एकदम नव्हते, आणि आधी काय करायचं हा क्रमही मिस्त्रींनीच ठरवून दिला.

आधी बुश (पाट्याच्या टोकाच्या भोकातलं रबर), शॅकल पिना (ते टोक चेसिसला जोडणाऱ्या) आणि यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे), 4,200. जुने बुश बाहेर आले ते एका बाजूने अंडाकृती झालेले, रबर चुरा. खड्ड्यात जो "टक" आवाज यायचा तो इथून होता. पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, जास्त टिकतात, पण धक्का आत जास्त पोचवतात आणि कोरडे पडले की करकरतात. मी रबरच घेतले. इथे एक बारकावा आहे, तो बसवताना उभं राहून बघा. रबर बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करूनच. जॅकवर असताना आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. यू बोल्ट मात्र दरवेळी नवेच घ्यायचे आणि सात-आठशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यायचे.

मग शॉकअप, चारही, 7,600. मिस्त्रींनी काढलेला जुना माझ्या हातात दिला आणि दाबायला लावला. निम्म्यापर्यंत तो काहीच विरोध न करता आत गेला, सायकलच्या रिकाम्या पंपासारखा, आणि मग एकदम अडकला. नवा दाबायला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला आणि तो सगळीकडे सारखाच, सावकाश हलत होता. मी गॅब्रिएलचे, माझ्या मॉडेलचेच, गॅसवाले घेतले. साध्या शॉकअपमध्ये सलग खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि तेवढ्या वेळापुरता तो काम सोडतो. आत गॅसचा दाब असला की फेस कमी धरतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या पुढे असताना, हा फरक फार्मवरून परतताना कळतो.

शॉकअपबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे उचलतात, शॉकअप फक्त उसळलेल्या पाट्याला शांत करतो. माल भरल्यावर गाडी बसत असेल तर कितीही महागडा शॉकअप लावा, ती बसणारच. आणि सांध्यावरून गेल्यावर गाडी दोन-तीनदा हलत असेल तर पाटे वाढवून ती थांबणार नाही. आपल्याला नेमकं काय होतंय, एवढं ओळखता आलं तरी गॅरेजमध्ये निम्मे पैसे वाचतात.

वहीतले आकडे असे: बुश आणि शॉकअपनंतर खेपेला पंचवीसच्या आसपास, नव्या पाट्यांनंतर बारा ते पंधरा. निम्म्या मालावरचं नुकसान जवळजवळ संपलं. सासूबाई कधी फार्मवर सोबत येतात. आधी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसायच्या, आता पाचगावच्या अलीकडेच झोपतात.

एअर बॅगबद्दल बरेच जण विचारतात. माझ्या मावसभावाने बुटीबोरीला केटरिंगच्या गाडीला लावल्या आहेत. चेसिस आणि एक्सलच्या मध्ये रबरी फुगे बसतात, माल भरला की हवा भरायची, उतरला की कमी करायची. चालवून पाहिली, भरलेली गाडी खरोखर मऊ चालते. ज्याचा माल एका जागी भरतो आणि एका जागी उतरतो, त्याने त्या जरूर पाहाव्यात. माझा माल तीस ठिकाणी उतरतो, दर दुकानाला मी हवा काढत बसू शकत नाही. शिवाय फुगा पूर्ण रिकामा ठेवता येत नाही, थोडी हवा राहिली नाही तर तो घडी पडून फाटतो. पाचगावची गिट्टी मागच्या चाकाने उडते ती थेट तिथेच.

गाडी उंच करण्याचे किट आणि मोठे टायर हा विचार मालवाहू गाडीवाल्यांनी सोडूनच द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. पाटे वाढवल्याने आरसीवरचं वजनही वाढत नाही. ओव्हरलोडला दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, मग खाली पाटे सहा असोत की दहा.

वाडीच्या मिस्त्रींबद्दल एकच तक्रार, वेळ फार लागतो. सांगितलेल्या एका दिवसाचे दोन झाले आणि त्या दिवशी मला भाड्याची गाडी करावी लागली. पण जुना काढलेला प्रत्येक भाग त्यांनी पोत्यात भरून परत दिला आणि पाट्यांचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. सोमवारी बंद असतं. जाणार असाल तर निम्मा माल भरून जा. ते आधी भरलेल्या गाडीची मागची उंची मोजतात, मग माल उतरवायला लावून रिकाम्या गाडीची मोजतात, आणि दोन्ही आकडे हातात आल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत.