एकाच कोर्सचे पैसे आहेत: तीन दिवसांचा हँड्स-ऑन, वर्षभराची फेलोशिप की ऑनलाइन?

माझ्याकडे दोन वर्षं असिस्ट केलेल्या एका मुलीने मागच्या दिवाळीत स्वतःचं दातांचं क्लिनिक टाकलं. बीडीएस, एक चेअर, गाळ्याचं भाडं आणि चेअरचा हप्ता. जूनमध्ये तिचा फोन आला. "मॅडम, या वर्षी एकाच कोर्सपुरते पैसे आहेत. इम्प्लांटची फेलोशिप करू, का रोटरीचा तीन दिवसांचा कोर्स? की ऑनलाइनच काही बघू?" इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू आणि त्यावर दात. रोटरी म्हणजे रूट कॅनाल करायची बारीक फाइल हाताऐवजी मोटरवर फिरवणं.

मी विचारलं, "गेल्या महिन्यात किती पेशंट दुसरीकडे पाठवलेस आणि कशासाठी?" तिला सांगता येईना. मग मी तिला माझ्या वहीबद्दल सांगितलं. बार्शीत प्रॅक्टिस सुरू केल्यावर मलाही वाटायचं की आपलं घोडं इम्प्लांटवाचून अडलंय. एका सीनियरच्या सांगण्यावरून तीन महिने शंभर पानी वहीत लिहीत गेले: कोणता पेशंट पाठवला, कशासाठी, आणि कोणता नुसता 'बघतो' म्हणून गेला. इम्प्लांटबद्दल दोघांनी विचारलं होतं आणि दोघंही खर्च ऐकून उठले होते. बाकी पानं भरली होती ती खालच्या दाढांच्या रूट कॅनालनी, अक्कलदाढांनी आणि चेअरवर बसायलाच तयार नसलेल्या पोरांनी.

एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पदव्युत्तर पदवी, मी या तुलनेत धरतच नाही. नीट-एमडीएसची प्रवेश परीक्षा, नऊ शाखांपैकी एक आणि पूर्णवेळ तीन वर्षं. ते करायचं असेल तर क्लिनिकला कुलूप लावूनच करायचं. इथे प्रश्न आहे तो क्लिनिक चालू ठेवून काय शिकता येईल याचा.

तीन दिवसांचा हँड्स-ऑन

शुक्रवार ते रविवार, पुण्या-मुंबईतलं एखादं हॉटेल किंवा मोठं क्लिनिक. फी काही हजारांत, दोन वेळचं जेवण, सर्टिफिकेट. रोटरी, दाताच्या रंगाचं कंपोझिट फिलिंग, झिर्कोनियाच्या कॅपसाठी दात घासून तयार करणं, काम करायचा दात अलग ठेवणारा रबर डॅम. जे काम आपण आधीपासून हाताने करतोच आहोत, ते नीट आणि लवकर करायला शिकायचं असेल तर हा प्रकार पैसे वसूल करून देतो. हँड फाइलने शंभरेक दाढा केलेल्या माणसाला रोटरीची गोम दुपारपर्यंत कळते. ज्याने दाढ कधी उघडलेलीच नाही, तो मोटरचं बटन शिकून येतो.

या कोर्सांत फसगत कुठे होते ते सांगते. पत्रकात लिहिलेलं असतं, 'येताना काढलेले दात आणावेत.' सगळे जण वरचे पुढचे दात आणतात, कारण ते सरळ असतात आणि मुळात एकच कॅनाल, म्हणजे नळी, असते. निकेल-टायटॅनियमची फाइल त्यात लोण्यात सुरी जावी तशी जाते. मग आपण परत येतो आणि मंगळवारी चेअरवर बसतो पंधरा वर्षं मावा खाणारा माणूस. आमच्याकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडं काही त्यामुळे उघडलेली नाहीत. फायब्रोसिसने, म्हणजे तोंडाच्या आतली कातडी आखडल्याने, त्याचं तोंड दोनच बोटं उघडतं. त्या दोन बोटांत फाइल फिरवणाऱ्या हँडपीसचं डोकं, त्याच्या खाली २१ मिमीची फाइल, आरसा आणि सक्शन एवढं सगळं बसवायचं. २५ मिमीची तर विसराच. फाइल तिरकी घालावी लागते आणि तिरकी घातलेली फाइल तुटते. कोर्समध्ये दात हातात धरलेला होता, त्याला तोंड नव्हतं.

माझी फाइल तुटली ती कोर्सनंतरच्या तिसऱ्याच केसला. खालची पहिली दाढ, पुढच्या मुळातला गालाकडचा कॅनाल. एक्सरेत तीनेक मिलिमीटरची पांढरी रेघ. पेशंटला खरं सांगितलं. कोर्सवाल्यांच्या नंबरवर फोन केला, कुणी उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक्सरे टाकला, त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक येत राहिले. शेवटी पेशंटला घेऊन सोलापूरच्या एका एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, गेले. त्यांनी तुकड्याच्या बाजूने वाट काढली आणि चाळीस मिनिटं मला शेजारी उभं केलं. दहा आणि पंधरा नंबरच्या हँड फाइलने आधी वाट मोकळी कर, ती खालपर्यंत सैल फिरेपर्यंत मोटरला हात लावू नकोस. प्रत्येक फाइल किती वेळा वापरली ते डबीवर लिही. फाइल बाहेर आली की दर वेळी हायपोक्लोराइटने कॅनाल धुवायचा. तीन दिवसांच्या स्लाइडमध्येही हे सगळं होतंच. पण आपली फाइल तुटलेली असताना ऐकलेलं वेगळंच मुरतं.

म्हणून कोर्सवाल्यांना फीच्या आधी विचारा, 'पुढचे सहा महिने फोन कोण उचलणार?' आणि दात नेताना वाकड्या मुळांच्या दाढा न्या. तिथे तुटू दे की चार फाइली.

इम्प्लांटची फेलोशिप

इथे फी लाखाच्या घरात जाते आणि मोह सगळ्यात मोठा असतो. माझा पहिला निकष कॅलेंडरचा. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या मूळ पद्धतीत हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने देत. आता लगेच दात बसवण्याच्याही पद्धती आहेत, पण शिकणाऱ्याने थांबावं हेच बरं. म्हणजे कोर्स सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या जबड्यात तुम्ही स्वतः बसवलेल्या इम्प्लांटवर स्वतः दात चढवलेला तुम्हाला दिसणारच नाही. अर्धंच शिकून याल, आणि पेशंटला हवा असतो तो दात, स्क्रू नव्हे. म्हणून वीकेंडला येऊन, मध्ये महिनाभर जाऊन, पुन्हा येऊन करायचे टप्प्याटप्प्याचे कोर्स मला पाच दिवसांच्या सलग कोर्सपेक्षा बरे वाटतात.

'लाइव्ह सर्जरी' या शब्दापाशी थांबा. पडद्यावर बघायची का स्वतः करायची? स्वतः करायची तर किती, शेजारी कोण असणार, पेशंटला शिकाऊ डॉक्टर करणार हे सांगितलेलं असतं का, आणि दोन वर्षांनी तो पेशंट दुखतंय म्हणून आला तर कुणाकडे जाणार? बकऱ्याच्या जबड्यावर हिरडीचा फ्लॅप (कापून उचललेला पदर) उचलायला आणि टाके घालायला उत्तम शिकता येतं. पण बकऱ्याला डायबिटीस नसतो, रक्त येत नाही, आणि त्याचा मुलगा दारातून डोकावून "अजून किती वेळ?" विचारत नाही.

कंपन्यांचे कोर्स स्वस्त असतात. फी नावाला आणि शेवटच्या दिवशी दुपारी किटचं बुकिंग. यात पाप काही नाही, पण एका कंपनीचा स्क्रूड्रायव्हर आणि अबटमेंट (स्क्रू आणि दात जोडणारा तुकडा) दुसऱ्याच्या इम्प्लांटवर बसेलच असं नाही. पहिल्या किटबरोबर आपण कंपनीही निवडत असतो. वर हाडात भोक पाडायचं यंत्र, फिजिओडिस्पेन्सर, आला, आणि तालुक्याच्या गावात पेशंटला सीबीसीटीसाठी, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनसाठी, जिल्ह्याला पाठवणं आलं. हा सगळा हिशेब फीच्या शेजारी मांडायचा.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या फेलोशिप हा वेगळा मार्ग आहे. कागदाला वजन आहे, संस्थेत पेशंट आहेत. पण संस्थेत हजेरी द्यावी लागते आणि बार्शीहून पुण्याला एसटीने पाच तास धरले तर क्लिनिकचं काय होतं ते बघा. शहरात राहणाऱ्याला हे जमू शकतं. आणखी एक गोष्ट पुष्कळ जण उशिरा ऐकतात: मान्यताप्राप्त नऊ शाखांत इम्प्लांटॉलॉजी ही स्वतंत्र शाखा नाही आणि दंतवैद्यांच्या आचारसंहितेप्रमाणे नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायच्या असतात. पाटीवर चार अक्षरं वाढतील म्हणून फी भरू नका.

ज्याचा हात अक्कलदाढा काढण्यात आणि फ्लॅप उचलण्यात बसलेला आहे आणि ज्याच्या वहीत महिन्याला चार-पाच इम्प्लांटचे पेशंट परत जाताना दिसतात, त्याने फेलोशिप करावीच. इतरांचं किट कपाटात राहतं. मी अशी दोन कपाटं पाहिली आहेत, त्यातलं एक माझ्या मैत्रिणीचं.

ऑनलाइन

माझा ठोकताळा सोपा आहे: जे काम पडद्यावरच होतं ते पडद्यावरून शिकता येतं. सीबीसीटी वाचणं, नसेची नळी कुठून जाते ते शोधणं, केस प्लॅनिंग, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या पेशंटचा दात काढताना काय बघायचं, अँटिबायोटिक कधी द्यायचं नाही. हाँगकाँग विद्यापीठाचा इम्प्लांट डेंटिस्ट्रीचा कोर्स कोर्सेरावर आहे. फेलोशिपचे लाख भरण्याआधी तो बघितला तर आपल्याला हे खरंच करायचंय का ते घरबसल्या कळतं. फाइल अडकल्यावर बोटाला काय जाणवतं, ते मात्र पडद्यावरून कळत नाही.

राहिला पॉइंटांचा प्रश्न. नोंदणी चालू ठेवायला सीडीई (सतत दंतशिक्षणाचे) पॉइंट लागतात, म्हणून वेबिनार लावून लोक पेशंटचं स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, करत असतात. मीही केलंय. कार्यक्रमाला राज्य डेंटल काउन्सिलची आधी मान्यता आहे का, एवढं मात्र पैसे भरण्यापूर्वी विचारा. १९४८च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा २०२३ मध्ये आला आहे, तेव्हा नियमांसाठी मित्राच्या सांगण्यापेक्षा काउन्सिलचं ताजं परिपत्रक बघावं. पॉइंट स्वस्तात गोळा करा आणि शिकण्याचे पैसे वेगळे ठेवा, या दोन गोष्टी एकाच कोर्सात क्वचितच मिळतात.

एक दिवसाचा बीएलएसचा, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचा, कोर्स केलेला नसेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तो करा. इंजेक्शन दिल्यावर पेशंट पांढरा पडला की या कोर्सांची तुलना आठवत नाही.

आणि चौथा मार्ग, ज्याचं पत्रक छापलं जात नाही: ज्याच्याकडे आपण पेशंट पाठवतो त्याच्याकडे जाऊन बसणं. सर्टिफिकेट नाही, पॉइंट नाहीत, फी बहुधा नाही. पण तिथे मावा खाणारीच तोंडं असतात, वाकडीच मुळं असतात, आणि चुकलेलं काम तो कसं सावरतो ते दिसतं. सगळेच बसू देत नाहीत. आपण त्याला पेशंट पाठवत असलो तर सहसा नाही म्हणत नाहीत.

ऑगस्टमध्ये तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. सतरा नावं. नऊ जणांपुढे 'खालची दाढ, आरसीटी' (म्हणजे रूट कॅनाल), चार लहान मुलं, तीन अक्कलदाढा, आणि इम्प्लांटचं एक, त्यापुढे 'मुलाला विचारून सांगतो.' उजवीकडे पट्टीने आखून तिने एक जास्तीचा रकाना केला होता: 'तोंड किती बोटं उघडतं.' रोटरीची फी तिने अजून भरलेली नाही. पुढचे चार गुरुवार क्लिनिक बंद ठेवून ती सोलापूरला त्याच एंडोडॉन्टिस्टकडे बसायला जाणार आहे, आणि काढलेल्या दाढा बाटलीत साठवायला तिने सुरुवात केली आहे.