ठोकळ्यांची गंगा कोठी: सुरुवात सर्व्हायव्हलमध्ये की क्रिएटिव्हमध्ये?

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधायचा गेम घेऊन झालाय, पण नवीन जग उघडताना मोड, म्हणजे खेळायची पद्धत, कुठला निवडायचा इथं बोट अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी आणि माझ्या पुतणीनं फोनवर दोन्ही मोडमध्ये एकच वास्तू बांधायला घेतली: पन्हाळगडावरच्या अंबरखान्यातली, म्हणजे धान्यकोठारांतली, गंगा कोठी.

क्रिएटिव्हमध्ये सगळे ठोकळे पहिल्या मिनिटापासून हाताशी. मरण नाही, आणि जंपवर दोनदा टॅप केलं की उडता येतं. कोठीच्या छताला धान्य ओतायला वरून भोकं ठेवलेली आहेत; ते छत तरंगत बांधायला फार मजा आली. काहीतरी भव्य उभं करायचंय आणि हातात एकच रविवार आहे, तर क्रिएटिव्हच घ्या.

पण तिथं ठोकळा फुटायला वेळच लागत नाही. फोनवर ठेवायला टॅप, फोडायला बोट दाबून धरायचं. नजर फिरवताना अंगठा जरा रेंगाळला की समोरची वीट गेली, तसाच राहिला तर तिच्यामागचीही गेली. केलेलं मागं घ्यायची सोय नाही. आमच्या कमानीला असं तीनदा भगदाड पडलं. तिसऱ्यांदा पुतणीनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "काका, बास आता."

सर्व्हायव्हलमध्ये ठोकळे स्वतः खणून गोळा करावे लागतात. पण तिथं हातात वीट धरून बांधताना दगडी भिंतीवर बोट राहिलंच, तर ती फुटायला साडेसात सेकंद लागतात. तडे पसरताना दिसतात. बोट उचललं की भिंत पुन्हा धड. माझ्यासाठी निकाल इथंच लागला.

रात्री झोंबी येतात, मेलात तर सामान तिथंच पडतं आणि ५ मिनिटांत नाहीसं होऊ शकतं, हे खरं. त्यासाठी पहिले काही दिवस डिफिकल्टी पीसफुलवर ठेवा. राक्षस येत नाहीत, भूकही लागत नाही. उंचावरून पडणं आणि लाव्हा मात्र तिथंही जपायचं. ज्यांना गोळा करत बसायचा कंटाळा आहे त्यांचं मत वेगळं असेल, मान्य.

सर्व्हायव्हलमध्ये भिंतीचा दगड भट्टीत भाजून घेतो; एक दगड भाजायला १० सेकंद लागतात, एका कोळशात ८ दगड होतात. त्यामुळे पुतणी आता भिंत घालण्याआधी वहीत चौकोन मोजते. कोठीच्या बाहेरच्या पायऱ्या अजून राहिल्यात. कोळसा संपलाय, ती खाली खाणीत उतरलीय.