कॉम्प्रेशन गेज की लीक-डाउन टेस्टर? जुन्या इंजिनाचा दम अचानक गेला तर

काल नीट चाललेली जुनी गाडी आज एक सिलिंडर सोडून धडधडायला लागते. प्लग बदलून झाले, ठिणगी आहे, पेट्रोल पोचतंय, तरी मिसिंग जात नाही. मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते, ते बघायचं ठरतं आणि प्रश्न येतो तो साधनाचा. माझ्याकडे तो दाब मोजणारं गेजही आहे आणि सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती किती आणि कुठून निसटते ते दाखवणारा लीक-डाउन टेस्टरही, आणि दोन्ही वापरात आहेत. ज्यांना सध्या एकच घ्यायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

काहीही विकत घेण्याआधी सेल्फ मारून कान द्या. एकच सिलिंडर गेला असेल तर सेल्फच्या आवाजात ठरावीक अंतराने एक ठेका हलका पडतो. सगळ्यांचाच दम गेला असेल तर इंजिन भर्रकन, कुठेही न अडता फिरतं. असं फिरलं तर सेल्फ मारणं तिथेच थांबवा आणि टायमिंग बेल्टचं (पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) कव्हर उघडा. बेल्ट तुटल्यावर किंवा घसरल्यावर ज्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, तिथे पुढचा प्रत्येक फेरा नुकसान वाढवतो.

बेल्ट जागेवर असेल तर आणखी एक शक्यता राहते. थंड गाडी जागेवरून जराशी हलवून लगेच बंद केली असेल, तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा हवा धरत नाहीत. प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं की बहुतेक वेळा गाडी भरपूर धूर काढून सुरू होते. इथे दोन्हींपैकी एकाही साधनाची गरज पडत नाही.

आता गेज. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त आहे, डिकीत मावतं, सोबतीला फक्त चांगली बॅटरी लागते. सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोल बंद करायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा, गेज प्लगच्या भोकात लावायचं आणि सेल्फ मारून प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्यायचे. पेट्रोल इंजिनात साधारण १२० ते १८० पीएसआयमध्ये (दाबाचं एकक) आकडा आला की ठीक, पण नुसत्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली गेला तर दुखणं आहे असं धरायला हरकत नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले तर संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी) जातो. काटा पहिल्या ठोक्याला कमी चढून पुढे हळूहळू भरत गेला तर रिंगांकडे बघावं, पहिल्यापासून खालीच अडून राहिला तर व्हॉल्व्हकडे.

इथपर्यंत गेजबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या ऑइलच्या चाचणीबद्दल. नियम सगळ्यांना पाठ असतो: कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. कमी किलोमीटर चाललेल्या इंजिनात हे छान जमतं. पण जुन्या इंजिनाच्या रिंगा थोड्याफार झिजलेल्या असतातच. त्यामुळे ऑइल टाकलं की काटा थोडा वर येतोच, अगदी निरोगी सिलिंडरमध्येसुद्धा. मग साठवर असलेला काटा ऐंशीवर गेला याचा अर्थ काय लावायचा? नव्या बिघाडाची जागा रिंग आहे, की जुनी झीज ऑइलने झाकली गेली आणि खरी गळती व्हॉल्व्हमधून चालूच आहे? हे अर्धवट उत्तर मला फार छळतं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा असतो. फक्त हेड उतरवायचं, की पिस्टनसकट अख्खं इंजिन उघडायचं, या दोन कामांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

माझ्या गाडीचा एक सिलिंडर असाच अचानक बसला होता. ऑइल टाकल्यावर काटा थोडा चढला, आणि तेवढ्यावरून मला रिंगा गेल्याचं आणि पूर्ण इंजिन करून घ्यायचं सांगितलं गेलं. त्याच सिलिंडरला लीक-डाउन लावला तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी हवेचा स्वच्छ, जोरदार फूत्कार येत होता. ऑइल भरायच्या तोंडाशी येणारी फुसफुस शेजारच्या चांगल्या सिलिंडरइतकीच होती. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा एका बाजूला जळून खाचलेली. व्हॉल्व्ह बदलला, तो जिथे टेकून बंद होतो ती सीट घासून घेतली, खालच्या भागाला हातही लावला नाही. ते पिस्टन आणि त्या रिंगा आजही त्याच गाडीत आहेत.

लीक-डाउनचं तत्त्व साधं आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या ठोक्यावर अगदी वर आणून ठेवायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. मग प्लगच्या भोकातून ठरलेल्या दाबाची हवा आत सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. मी पाच-दहा टक्क्यांना उत्तम म्हणतो, वीसपर्यंत जुन्या इंजिनाला चालवून घेतो आणि तीसच्या पुढे कारण शोधतो. दोन कंपन्यांच्या टेस्टरचे आकडे मात्र एकमेकांशी ताडू नयेत, आतलं बारीक छिद्र वेगळं असलं की टक्केही बदलतात. खरं काम काटा करतच नाही, कान करतात. एअर फिल्टरकडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आला तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. शेजारच्या प्लगच्या भोकातून हवा आली तर दोन सिलिंडरांमधलं गॅस्केट फाटलंय. गेजने जे अनुमानाने काढायचं ते इथे थेट ऐकू येतं.

अडचणी आहेत, आणि त्या कमी लेखू नयेत. हवेचा कॉम्प्रेसर लागतो. पिस्टन बरोबर वर आणणं पहिल्यांदा किचकट वाटतं, आणि जरा पुढेमागे झाला तर हवेच्या दाबाने इंजिन झपकन फिरतं. म्हणून क्रँकच्या बोल्टवर पान्हा तसाच ठेवून हवा कधीही सोडू नये, तो हातावर आदळू शकतो. टॉप गिअर आणि हँडब्रेक लावून गाडी धरता येते, तरी दाब हळूहळूच वाढवावा.

आणि एक गोष्ट लीक-डाउनला दिसतच नाही: जे बिघाड फिरताना होतात ते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा उंचवटा झिजून व्हॉल्व्ह पुरता उघडत नसेल किंवा बेल्ट एखादा दात घसरला असेल, तर थांबलेल्या इंजिनात हवा नीट धरली जाऊ शकते, आणि गेज मात्र आकडा खाली दाखवतं. सगळे सिलिंडर एकसारखे कमी आले तर मीसुद्धा गेजवरच विश्वास ठेवतो. डिझेलवाल्यांनी तर गेजही वेगळं घ्यावं, तिथला दाब पेट्रोलच्या गेजला पेलवत नाही.

तेव्हा कॉम्प्रेसर जवळ नसेल, किंवा वापरलेली गाडी घेण्याआधी तिचा अंदाज घ्यायचा असेल, तर गेज पुरेसं आहे, त्यात कमीपणा काहीच नाही. पण गाडी आपलीच आहे, जुनी आहे, एकच सिलिंडर अचानक गेलाय आणि हेड उतरवायचं की नाही हे ठरवायचंय, अशा वेळी मी माझ्यापुरता लीक-डाउनच आधी हातात घेईन. कोणता सिलिंडर मेला हे त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढूनही कळतं: मिसिंग आणखी वाढलं नाही, तर तोच.

लीक-डाउनचा आणखी एक फायदा गेजवर मिळत नाही. कधीकधी कार्बनची खपली सुटून व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये अडकते आणि तेवढ्याने सिलिंडर बसतो. ज्या इंजिनात रॉकर (व्हॉल्व्हला वरून दाबणारे छोटे दांडे) आहेत तिथे हवा चालू ठेवून, वरचं कव्हर काढून, आवाज येणाऱ्या व्हॉल्व्हच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने अगदी हलके ठोके द्यावेत. फूत्कार एकदम कमी झाला तर खपली उडाली. प्लग बसवून गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवावी आणि परत हवा लावून टक्के शेजारच्या सिलिंडरच्या जवळ आले का ते बघावं. आले असतील तर हेड उतरवू नका.